मोसंबीची साल : त्यात काय आहे आणि आपल्या हाती काय लागेल

(मोसंबी उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. म्हणजे पेरणी, खत, पाणी, तण, पीकपद्धती. तेव्हा ‘मॅडम आज सालपटांवर का बोलणार?’ असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. त्याचे कारण आधी सांगते.

मी अंबड तालुक्यातली. आमची स्वतःची मोसंबीची बाग होती. २०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. वडिलांनी जानेवारीपासून टँकरने पाणी घातले, मल्चिंग केले, फांद्या छाटल्या, आणि शेवटी मे महिन्यात अर्ध्याहून जास्त झाडे सरपणाला गेली. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच घडले आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. मात्र त्यानंतर वडील एक वाक्य नेहमी म्हणत. ‘पाणी आपण पूर्ण फळाला घालतो आणि पैसे फक्त रसाचे मिळतात.’ त्या वेळी मला ते त्राग्याचे बोलणे वाटले होते. नंतर हिशेब मांडून पाहिला, तेव्हा त्यात तथ्य आहे हे कळले.

हिशेब असा. एक टन मोसंबी रसासाठी वापरली तर अदमासे साडेचारशे किलो रस निघतो. उरलेल्या पाचशे किलोंहून जास्त मालात साल, चोथा, फोडींची पापुद्री आणि बिया असतात. त्यात नुसती साल अडीचशे ते तीनशे किलो भरते. जालना शहरातील कोणत्याही ज्यूस सेंटरच्या मागे संध्याकाळी जाऊन पाहावे. पोत्यांनी साल पडलेली असते, त्यावर माशा घोंगावतात आणि दुसऱ्या दिवशी ती नालीत जाते. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन पूर्ण फळाला आहे, पण त्यातला निम्मा भाग आपण उकिरड्यावर टाकतो.

आता सालीत असते काय ते पाहू.

मोसंबीची साल दोन थरांची असते. वरचा पिवळा-हिरवा थर आणि आतला पांढरा, कापसासारखा थर. वरच्या थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. लहानपणी आपण सगळ्यांनी दिव्याच्या ज्योतीजवळ साल दाबून ठिणग्या उडवल्या आहेत. त्या ठिणग्या याच तेलाच्या. या तेलात शेकडा नव्वदांहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. साबण, सुगंधी द्रव्ये, शीतपेये, मिठाई, ग्रीस काढण्याची द्रावणे, अशा अनेक ठिकाणी ते वापरतात. ते किती जहाल आहे हे पाहायचे असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर ताजी साल पिळून पाहा. थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. हे तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत का भरू नये, याचे उत्तर त्यातच आहे.

आतल्या पांढऱ्या थरात मुख्यतः पेक्टिन असते. जॅम, जेली घट्ट होते ती याच्यामुळे. ब्राकोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ साली त्याला हे नाव दिले. वाळलेल्या लिंबूवर्गीय सालीत शेकडा २० ते ३० पर्यंत पेक्टिन असते. जॅम-जेलीबरोबरच दह्याची पेये, औषधी गोळ्या, मिठाई यांत ते जाते. आपल्या देशातील कारखाने लागणाऱ्या पेक्टिनचा मोठा भाग परदेशातून मागवतात आणि आपण साल नालीत टाकतो, हा विरोधाभास मला नेहमी खटकतो.

तिसरे द्रव्य हेस्पेरिडिन. हे दोन्ही थरांत असते, पांढऱ्यात जास्त. १८२८ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले. शिरांच्या विकारांवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत आज ते वापरतात. येथे एक गोष्ट ऐकून ठेवण्यासारखी आहे. क जीवनसत्त्वावरील कामासह केलेल्या संशोधनासाठी १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळालेले सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबाच्या सालीतील अशा द्रव्यांना ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले होते. पुढील तपासात ते जीवनसत्त्व ठरले नाही आणि ते नाव मागे पडले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपले म्हणणे मागे घ्यावे लागले, म्हणून तुम्ही उद्या साल पावडरच्या पाकिटावर ‘मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांवर रामबाण’ असे छापू नये. तसे छापणे कायद्यानेही गुन्हा आहे.

मोसंबीचा रस काढून ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात कडवट होतो, हा अनुभव सर्वांचा आहे. काहींना वाटते, बी चिरडले म्हणून कडू झाला. बीचा वाटा आहेच, पण मुख्य कारण लिमोनिन. (लिमोनीन वेगळे आणि लिमोनिन वेगळे, नावांचा घोटाळा करू नये.) फळात त्याचे मूळ रूप कडू नसते. फळ चिरडले की रसाच्या आंबटपणामुळे ते हळूहळू कडू रूपात बदलते. फोडींची पापुद्री आणि पांढरी साल रसात जितकी कमी जाईल, तितका रस उशिरा कडू होतो. मोसंबीच्या रसाचे कारखाने आपल्याकडे फारसे का वाढले नाहीत, त्याचे एक कारण हा कडवटपणा आहे.

आता ही द्रव्ये काढायची कशी. येथे ‘टिकाऊ’ हा शब्द मी मुद्दाम वापरणार आहे, कारण काही पद्धतींत सालीतून मिळते त्यापेक्षा जास्त आपल्या पाण्यातून, सरपणातून आणि आरोग्यातून जाते. जालना जिल्ह्यात बसून जी पद्धत घागरभर पाण्याचे काम हंडाभर पाण्यात करते, ती आपली नव्हे.

सर्वांत सोपे तेल. मोठ्या कारखान्यात साल दाबून, उष्णता न देता तेल काढतात. टनामागे दोन-तीन किलो तेल मिळते. तेवढे यंत्र आपल्याला परवडत नाही. गटपातळीवर वाफेची पद्धत चालते. स्टीलच्या बंद भांड्यात तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर सालीचा कीस. खालून जाळ. वाफ किसातून जाते, सोबत तेल घेते, पुढे थंड पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून जाताना वाफेचे पाणी होते आणि तेल वर तरंगते, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. जळणाला तुराट्या आणि पऱ्हाट्या आपल्याकडे आहेतच. वेटोळ्याचे थंड पाणी एकदाच वापरून सोडू नये, हौदातून फिरवत ठेवावे. हे तेल पेट घेणारे आहे, म्हणून तेल गोळा करण्याची बाटली चुलीपासून लांब, शक्यतो भिंतीपलीकडे ठेवावी. भरताना गडद काचेची बाटली गळ्यापर्यंत भरावी. अर्धी रिकामी बाटली ठेवली की हवेने तेल खराब होते आणि खराब झालेले तेल अंगाला लागले तर त्वचेवर पुरळ येऊ शकते.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पूर्ण साल वाफवली तर पांढऱ्या थरातील पेक्टिन उष्णतेने खराब होऊ लागते. म्हणून आधी फळ धुऊन, वरचा पिवळा थर किसणीने किसून घ्यावा. कीस तेलाला आणि राहिलेला पांढरा थर पेक्टिनला. बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. लिंबाची किसलेली साल लोणच्यात कशी घालायची हे त्यांना ठाऊक असते. पुरुषांच्या बैठकीत मात्र हा मुद्दा तीनदा सांगावा लागला.

पेक्टिनचे पाणी घरी करता येते, ते असे. एक किलो पांढरी साल बारीक चिरून चार-पाच मिनिटे उकळत्या पाण्यात घालावी आणि ते पाणी टाकून द्यावे. याने कडवटपणा कमी होतो आणि पेक्टिन खराब करणारी सालीतली विकरे मरतात. साल चिरून तशीच दोन-तीन तास ठेवली तर ही विकरे आपले काम उरकून घेतात आणि नंतर कितीही शिजवले तरी जेली लागत नाही. मग तीन लिटर स्वच्छ पाण्यात लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळते ते लिंबाचे फूल, घालावे. याने पाण्याचा सामू अडीचच्या थोडा खाली येतो. त्यात साल पाऊण ते एक तास मंद आचेवर शिजवावी. खळखळ उकळू देऊ नये. मलमलच्या कापडातून न पिळता गाळावे. भांडे स्टीलचे किंवा एनॅमलचे घ्यावे. लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे घेऊ नये.

झाले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. एक चमचा गार झालेले पाणी ग्लासात घेऊन त्यात तेवढेच किंवा थोडे जास्त स्पिरिट हळूच सोडावे आणि न हलवता पाच मिनिटे ठेवावे. एकसंध गोळा बनला तर पेक्टिन भरपूर. बारीक तुकडे झाले तर कमी. हा नमुना चाखायचा नाही, लगेच टाकून द्यायचा. स्पिरिट विषारी असते. परीक्षेत उतरलेले पाणी पपईच्या जॅमला किंवा मोसंबीच्या रसाच्या जेलीला घालावे. आमच्या गावातील एका बचत गटाने असे जॅम केले. त्यांचे बाजारातून आणावे लागणारे पेक्टिन वाचले आणि जॅमला मोसंबीचा हलका वास आला, तो गिऱ्हाइकांना आवडला.

यापुढची पायरी म्हणजे पांढरी, कोरडी पेक्टिन पावडर. ती घरी करण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी अर्काइतके किंवा त्याहून जास्त अल्कोहोल लागते. ते ठेवायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा. वापरलेले अल्कोहोल परत मिळवण्याची सोय नसेल तर धंदा पहिल्याच महिन्यात बुडतो. प्रतवारी ठरवायला प्रयोगशाळा हवी. वर धुण्याला पाणी लागते ते वेगळेच.

हेस्पेरिडिन काढण्याचे तत्त्व ऐकायला सोपे आहे. ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी पाण्यात विरघळते. गाळून त्यात आम्ल घातले की तळाशी बसते. यात घातक द्रावक लागत नाही, ही जमेची बाजू. वाळलेल्या सालीत ते शेकडा साधारण दोन-चार इतके असते. पण औषधाला लागणारी शुद्धता आणणे कारखान्याचे काम आहे. आपण ते का समजून घ्यायचे? तर साल विकत घ्यायला कोणी आला, तेव्हा तो तेलासाठी घेतो, पेक्टिनसाठी घेतो की हेस्पेरिडिनसाठी, हे ओळखता यावे म्हणून. पेक्टिनवाल्याला पिकलेल्या फळाची लवकर वाळवलेली, स्वच्छ साल हवी असते. हेस्पेरिडिनवाल्याला कोवळी फळे जास्त उपयोगाची, कारण कोवळ्या फळांत त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. चीनमध्ये अशी लहान, न पिकलेली फळे वाळवून औषधासाठी विकण्याची जुनी पद्धत आहे.

हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर लगेच फळगळ आली असेल. गोटीएवढ्या, सुपारीएवढ्या फळांचा बागेत सडा पडतो आणि तो पाहून पोटात गोळा येतो. ती फळे वाळवून विकता येतील काय? शास्त्र सांगते, त्यात माल आहे. पण मी तुम्हाला घाई करू देणार नाही. आपल्याकडे त्याचा खात्रीचा खरेदीदार मला आजवर भेटलेला नाही. शिवाय फळगळ सगळी एकसारखी नसते. झाडाने आपले ओझे कमी करण्यासाठी टाकलेली कोवळी फळे वेगळी. बुरशीने, फळमाशीने किंवा रस शोषणाऱ्या पतंगाने गळालेली मोठी फळे वेगळी. ही दुसरी फळे कोणत्याही खाण्याच्या वस्तूत जाता कामा नयेत. ती गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत, नाही तर पुढच्या बहाराला तीच कीड परत येते. आणि एक लक्षात ठेवा, फळगळीवरचा पहिला उपाय खत-पाणी आणि रोगनियंत्रण हाच. गळालेल्या फळाला बाजार मिळेल या आशेवर बागेकडे दुर्लक्ष करणे म्हणजे घर जळू देऊन कोळसा विकणे.

आता माझ्या फजितीची गोष्ट. आमच्या भागातील शेतकरी गटाबरोबर पहिल्यांदा साल वाळवायला घेतली ती आंबे बहाराच्या काढणीत, सप्टेंबर अखेरीस. ज्यूसवाल्यांकडून साल आणली, धुतली, खळ्यावर ताडपत्रीवर पसरली. तीन दिवस आभाळ आले. चौथ्या दिवशी सालीवर हिरवी-काळी बुरशी. चार पोती माल उकिरड्यावर गेला आणि एक आजोबा म्हणाले, ‘मॅडम, वाळवण कधी पावसाळ्यात घालतात का?’ मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, पण पापड-कुरडयांचा साधा नियम मला सुचला नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही मृग बहाराची साल घेतली. तिची काढणी मार्च-एप्रिलच्या सुमारास येते. सावलीच्या जाळीखाली, जमिनीपासून दोन फूट उंच मांडवावर, पातळ थरात ती तीन-चार दिवसांत कडकडीत वाळली. अडीचशे-तीनशे किलो ओल्या सालीची वाळून साठ-सत्तर किलो होते. म्हणजे टनामागे दोनशे लिटरहून जास्त पाणी उडवायचे असते. ते ऊन फुकट करत असेल तरच हा उद्योग परवडतो. आंबे बहाराच्या सालीसाठी सौर वाळवणी यंत्र लागेल किंवा ती साल ताजी असतानाच तेलाला लावावी.

फजितीचा दुसरा भाग जास्त गंभीर आहे. आम्ही साल प्रयोगशाळेत तपासायला दिली, तेव्हा एका नमुन्यात कीटकनाशकाचा अंश आला. बाग कोणाची हे सांगत नाही. शेतकऱ्याचा दोष म्हणावा तर तोही पूर्ण नाही. आपण आजवर असे गृहीत धरले की साल कोणी खात नाही. सायला, कोळी, फळमाशी यांसाठीच्या फवारण्या सालीवरच बसतात, आणि तेलात विरघळणारी औषधे सालीच्या तेलात उतरून तेथे दाट होतात. फळात अंश मर्यादेत असला तरी तेलात तो मर्यादेबाहेर जाऊ शकतो. तेव्हा साल खाण्यासाठी किंवा तेलासाठी विकायची असेल तर त्या बागेची फवारणी त्या हिशेबाने ठरवावी लागेल. शिफारस केलेलीच औषधे, लेबलवरील मात्रा, काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ, आणि तारीखवार नोंदवही. बाग उक्ती दिल्यानंतर व्यापारी काय फवारतो याचीही नोंद हवी. ज्यूस सेंटरवरून गोळा केलेली मिसळीची साल खाण्याच्या उपयोगाला घेऊ नये, कारण तिचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. आमच्या त्या पहिल्या चार पोत्यांना बुरशी लागली ते एका परीने बरेच झाले असे मला आता वाटते.

तेल आणि पेक्टिन काढल्यावर उरतो चोथा. तो जनावरांना देता येतो. ब्राझील हा जगात सर्वाधिक संत्र्याचा रस काढणारा देश. तेथे चोथा वाळवून त्याच्या गोळ्या करतात आणि त्या युरोपातील जनावरांच्या खुराकासाठी जहाजाने जातात. आपल्याकडे तो ताजा, थोडा थोडा, कडब्यात मिसळून द्यावा. एकदम पाटीभर घातला तर पोट बिघडते. बुरशी आलेला तर मुळीच देऊ नये. गांडूळखताच्या वाफ्यात ताजी साल टाकण्याची चूक अनेकजण करतात. लिमोनीन गांडुळांना घातक असते. तेल काढलेला चोथा किंवा पंधरा-वीस दिवस शेणात कुजवलेली साल चालते. आम्लाचे उरलेले पाणी थोडा चुना घालून, सामू सात जवळ आणूनच झाडांना द्यावे.

सालीच्या कुजण्याबद्दल एक परदेशातले उदाहरण सांगते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस रसाच्या एका कारखान्याची सुमारे १,००० ट्रक, म्हणजे १२,००० टन संत्र्याची साल आणि चोथा एका पडीक कुरणावर पसरण्यात आला. पुढे तक्रार झाली, न्यायालयाने ते थांबवले आणि ती जागा विसरली गेली. सोळा वर्षांनी संशोधक तेथे गेले तर शेजारच्या मोकळ्या जमिनीपेक्षा तेथे कितीतरी दाट रान उभे होते. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या बागेत असे ट्रक रिकामे करा असे मी म्हणत नाही, फळमाशीला ते आवतण होईल. पण सालीतला सेंद्रिय भाग आपल्या हलक्या, मुरमाड जमिनीला परत गेला पाहिजे, नालीत नव्हे.

मोसंबीखेरीज आपल्या जिल्ह्यात दुसरा मोठा उपपदार्थ डाळमिलचा. तुरीच्या दाण्यात टरफल वजनाने शेकडा १२ ते १५ असते. दाण्यातील टॅनिन व इतर फिनॉल द्रव्ये मुख्यतः या टरफलात असतात. लाल दाण्याच्या तुरीच्या, जसे बीएसएमआर ७३६, टरफलात ती पांढऱ्या दाण्याच्या बीडीएन ७११ पेक्षा जास्त. गरम पाण्यातही ती उतरतात. पण आज त्या अर्काला गावपातळीवर बाजार नाही, आणि चुनी-टरफलाला शेळी-गाईच्या खुराकाचा चांगला भाव मिळतो. चालणारा उपयोग मोडून नवा शोधण्यात अर्थ नाही. कडवंचीच्या द्राक्षांबद्दलही विचारणा होते, की द्राक्षाच्या बियांचे तेल काढता येईल का. बिया गोळा होतात त्या रस किंवा वाइनच्या कारखान्यात. आपली द्राक्षे खाण्यासाठी बाहेर जातात. सरकीतील गॉसिपॉलबद्दल विचारणाऱ्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की ते विषारी द्रव्य आहे, घरी हात लावू नकोस.

शेवटचा विषय, ज्यासाठी खरे तर मी आज आले. गेल्या काही महिन्यांत आपल्या भागात ‘साल प्रक्रिया यंत्र’ विकणारे फिरत आहेत. पंचवीस-तीस लाखांचे यंत्र, एका यंत्रात तेल, पेक्टिन आणि औषधी अर्क, आणि माल परत विकत घेण्याची हमी, अशी बोलणी असते. आमच्या शेजारच्या गावातील गटाने तर बैठक घेऊन जमीन गहाण टाकण्यापर्यंत मजल मारली होती. त्यांनी मला कागद दाखवले. त्यात परत खरेदीचा भाव नव्हता, प्रतवारीची अट होती पण ती कोण ठरवणार हे नव्हते, अल्कोहोलच्या परवान्याचा उल्लेख नव्हता, आणि वर्षातून किती महिने साल मिळणार याचा विचार नव्हता. मी त्यांना तीनच प्रश्न विचारायला सांगितले. हे यंत्र दोन हंगाम चाललेली जागा आम्हाला दाखवता का? आमच्या सालीवर आमच्यासमोर चालवून दाखवता का? आणि खरेदीदाराने स्वतःच्या नावाने लेखी मागणी दिली आहे का? विकणारा गृहस्थ चहा पिऊन गेला तो परत आला नाही. गटातील दोघे मात्र अजून माझ्यावर नाराज आहेत. त्यांना वाटते, मॅडमने संधी घालवली. त्यांच्या नाराजीचे मला वाईट वाटते. पण बाग वाळताना मी पाहिली आहे, सातबारा गहाण पडलेला पाहायची इच्छा नाही.

त्या गटाने त्याऐवजी काय केले? वाफेवर तेल काढण्याचे लहान भांडे स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. नोंदवही ठेवलेल्या चार बागांची मृग बहाराची डागी, बारीक फळे, जी व्यापारी उचलत नाही, ती स्वतः फोडली. रस शहरात त्याच दिवशी विकला. कीस तेलाला, पांढरी साल वाळवणाला, चोथा जनावरांना. पहिल्या हंगामात फार पैसे झाले नाहीत. मजुरी निघाली आणि थोडे वर राहिले. तेलाच्या चार बाटल्या अजून एका साबणवाल्याच्या उत्तराची वाट पाहत आहेत. वाळलेली साल मात्र एका मसाला-चहा करणाऱ्याने सगळी नेली आणि पुढच्या वर्षीची मागणी आत्ताच नोंदवली, पण तपासणीचा दाखला हवा या अटीवर.

ज्यांना असे लहान प्रमाणावर करून पाहायचे आहे, त्यांनी गटानेच यावे. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये असे कर्जाशी जोडलेले अनुदान ठरले होते. सध्या अर्ज घेतले जातात का, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून मगच कोटेशन घ्यावे. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी करावी. तंत्राबद्दल परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाचा, बागेबद्दल बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्राचा आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

तपासणीसाठी सालीचा नमुना आणताना तो एकाच बागेचा असावा. अर्धा किलो पूर्ण वाळलेली साल कागदी पिशवीत घालावी, प्लॅस्टिकमध्ये नको, घाम येतो. पिशवीवर गाव, गट नंबर, बहार, काढणीची तारीख आणि शेवटच्या फवारणीचे औषध व तारीख लिहावी. फवारणीची तारीख आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नये, ‘माहीत नाही’ असे लिहावे.